कोटाचा खिसा

२ डिसेंबर
शी! धुवायला टाकण्याआधी मामंजींच्या कोटाच्या खिशात हात घातला, तर आत ओला भरडा! मक्याचा, कोंड्यासकट, वर शेळीची लाळ — आणि त्यातच नाक पुसायचा रुमाल. हात कितीदा धुतला, वास जाईना. जेवण गेलं नाही.
म्हणजे शेळीच्या खुराकाचा डबा असा रिकामा होतोय तर. आणि मी उंदरांना शिव्या घालत होते.

४ डिसेंबर
भरडा पांढरीचा आहे. गाभण आहे ती, दिवस भरत आलेत. मागच्या खेपेला खुराकात हयगय झाली आणि तिची करडं उभीसुद्धा राहिली नाहीत, गेली. म्हणून यंदा रोज थोडा थोडा वाढवत आणलाय. आणि सासरे तो चोरून घालतात कुणाला — म्हातारीला! भाकड शेळी, दात पडलेले, नाकाला कायम शेंबूड. बोकडसुद्धा ढुंकून बघत नाही तिच्याकडे. फुकटचं खाऊन पोट तेवढं सुटलंय.
विचारलं तर म्हणे, "मागते गं ती."
मागते! मागायला काय जातंय!

५ डिसेंबर
खिसा शिवून टाकला. दुहेरी दोऱ्याने.

८ डिसेंबर
आता टोपीतून नेतात! आणि तीच टोपी घालून जेवायला बसतात. केसांत कोंडा — कुठला ते देव जाणे.
ह्यांना म्हटलं, म्हातारी खाटकाला द्या. "बाबांना कोण सांगणार?" म्हणे. मीच सांगितलं. मामंजी ताट तसंच टाकून उठले.

११ डिसेंबर
पांढरी व्यायली! दोन करडं, दोन्ही आपल्या पायांवर उभी. पण सुख मेलं टिकेल तर ना. ह्यांनी कौतुकाने घमेलंभर भरडा ओतला तिच्यापुढे. नुकत्या व्यालेल्या शेळीला एकदम एवढा? पोट फुगलं, मग पातळ हगली ती थेट माझ्या पायांवर. सगळा गोठा आंबूस घाण. बाप-लेक एका माळेचे मणी. खाऊ घालायला हे पुढे, खराटा माझ्या हातात.
संध्याकाळी रवंथ करायला लागली, तेव्हा जिवात जीव आला.

१२ डिसेंबर
खाटीक म्हातारीला घेऊन गेला. दारात पाय रोवून उभी राहिली, ओढावंच लागलं. मामंजी बाहेर आलेच नाहीत.
सुटले एकदाची! मामंजींना ऐकू जाईल असं म्हटलं.

१३ डिसेंबर
सकाळी खाटीक दारात. हातात म्हातारीचा दोर.
"वहिनी, पोटावर हात तरी ठेवून बघायचा! व्यायला झालीय ही. गाभण मी कापत नाही."
हात ठेवला. आतून लाथ बसली. माझीच मला किळस आली.
मामंजींना विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं?
"छे! मागत होती, म्हणून देत होतो."

१४ डिसेंबर
खिसा उसवला. भरडा मीच घातला आत. आज थोडाच — उद्या जरा वाढवीन.