कोंबडीची कलेजी

३ मार्च
पोहोचलो एकदाचा सान ब्लासला! होडीतून उतरताना सामानाच्या पेट्या भिजल्या, पण मी जाम खूश. इथल्या क्लबात हंगामभर दर शनिवारी माझे जादूचे प्रयोग, आणि राहायला नदीकडच्या खिडकीची खोली. घरमालकीण दोन्या एर्मिंदा, विधवा बाई, जिभेला हाड नाही. दारातच मला वरून खाली न्याहाळलं आणि म्हणाल्या, जादूगार म्हणजे चोरच की रे, फक्त तिकीट लावून चोरतोस. मी त्यांच्या कानामागून त्यांच्याच स्वयंपाकघरातला चमचा काढून दाखवला. खो खो हसल्या. आता चमचे कुलपात ठेवते म्हणाल्या. जेवायला तळलेला सुरुबी मासा होता, आणि नंतर अंगणात बसून एकाच तुंब्यातून आळीपाळीनं माते, म्हणजे इथला कडू पाल्याचा चहा, ओढला. बरं वाटलं. घरी आल्यासारखं.

६ मार्च
आज कळलं, बाईंच्या उजव्या कुशीत गाठ आहे. शहरातल्या इस्पितळानं ऑपरेशनसाठी वीस तारीख दिलीय, आणि बाई जायला तयार नाहीत! का, तर गावात सेर्वांदो नावाचा वैदू आहे, तो म्हणे चाकू न लावता नुसत्या बोटांनी पोटातली गाठ काढतो. माझं डोकंच फिरलं. मी लोकांना आधी सांगून फसवतो, हा न सांगता फसवतो, आणि माणसं मरतात. आमच्या धंद्यात एक सवय अंगात मुरते. अशक्य काही दिसलं की आ वासायचा नाही. विचारायचं, हेच मला करायचं असतं तर मी कसं केलं असतं? बाईंना तसं म्हणालो, तर उत्तर आलं, आधी डोळ्यांनी बघ, मग तोंड वाजव.

९ मार्च
बघितलं. हातपाय काटकुळे, उकाड्यातही अंगावर घोंगडीसारखा जाड पोंचो आणि त्याखाली भलंमोठं पोट, असा हा सेर्वांदो. रोग्याच्या पोटावर बोटं दुमडतो, म्हणजे ती आत शिरल्यासारखी दिसतात. रक्तासाठी अंगठ्यावर चढवलेल्या पोकळ खोट्या अंगठ्यातला रंगीत कापूस, आणि बाहेर निघते ती गाठ म्हणजे मुठीत लपवलेली कोंबडीची कलेजी. चोराच्या वाटा चोराला ठाऊक! खरं सांगायचं तर कलेजी लपवताना मला ती दिसली नाही. अंगठाही खराच वाटला. पण असणारच, मीही तिथेच लपवली असती. निघताना त्यानं माझ्याकडे बघून डोळा मारला. निर्लज्ज कुठला.

१३ मार्च
बाईंना सगळं करूनच दाखवायचं ठरवलं. भर दुपारी त्यांना स्वयंपाकघरातल्या टेबलावर आडवं केलं, आणि माझ्या नवऱ्यानंसुद्धा अशी पोटाला गुदगुली केली नाही कधी, वगैरे त्यांची बडबड चालू असतानाच बोटं दुमडली. लाल कापूस पिळला. ओढलं. हातात एक करडा, ओला गोळा आला. मी ऐटीत म्हणालो, ही बघा तुमची गाठ, सकाळी तुम्हीच कापलेल्या कोंबडीची कलेजी.
मग डावी मूठ उघडली. कलेजी तिथेच होती. जशीच्या तशी, गार.
बाईंनी कूस चाचपली, पुन्हा चाचपली, आणि रडत माझे हात चुंबायला लागल्या. बशीत ठेवलेल्या त्या गोळ्याला केस होते.

१४ मार्च
शांतपणे विचार केला. दाबामुळे गाठ फुटली असेल. किंवा ती गाठ नव्हतीच. पण मग बशीतलं काय होतं? आता बघायला गेलो तर बशी कोरडी, आत काही नाही. बाईंना विनवलं, तरी इस्पितळात जाऊन तपासून या. त्या म्हणाल्या, दुखतंय का मला, मग कशाला जाऊ? करायला गेलो काय आणि झालं काय. त्यांची समजूत मोडायला निघालो होतो, मीच ती पक्की करून बसलो. सगळ्या गल्लीला सांगून आल्यात. संध्याकाळी दारात बायका.

१६ मार्च
सेर्वांदोकडे गेलो. तो बोचकं बांधत होता. पोट सपाट! पोंचो अंगावर लोंबत होता. त्यानं मला माते दिला आणि सरळ सांगितलं. तोही एके काळी सर्कशीत जादू करायचा, आणि आधीच्या वैदूला उघडं पाडायला आला होता. करून दाखवायला सेर्वांदोनं मुठीत डुकराचा गुर्दा लपवला होता. तोही मुठीतच उरला.
मी विचारलं, लोकांच्या पोटातून काढलेलं जातं कुठे?
त्यानं माझ्या उजव्या कुशीवर हात ठेवला. म्हणाला, काढणाऱ्याकडे. शिकलेला नवा हात मिळाला की जुना हात सुटतो, बाबा. आणि मला मिठी मारली. मनापासून. दुपारच्या होडीनं गेला.

१७ मार्च
उजव्या कुशीत गाठ आहे. बाईंना होती तिथेच.
सूज असेल. मी स्वतःच दाबून दाबून—

१८ मार्च
दार लावून घेतलं, तर बाईंनी मागच्या दारानं माणसं आत आणली. एक आई, मुलीला घेऊन. मी नाही म्हणालो, शपथेवर नाही म्हणालो. मग फक्त रिकामी मूठ दाखवायला हात पुढे केला. बाह्या वर. काही नव्हतं हातात, काही नव्हतं, आणि—
मुलगी खेळत घरी गेली. माझा पट्टा लागत नाही.

१९ मार्च
सात-आठ गाठी असतील आता. हलतात.

२० मार्च
बाईंसाठीची खाट आज इस्पितळात रिकामी असेल. त्यांच्या जागी मीच जातो म्हणालो, डॉक्टरांना कापू दे. बाईंनी गालावरून हात फिरवला, आणि बाहेरून कडी घातली. अंगणातल्या एवढ्यांचं करून दे रे पोरा, मग जा की, असं दाराआडून म्हणाल्या. इतक्या मायेनं म्हणाल्या.
ठीक. मग माझं मीच काढतो. खिडकीत ऊन आहे. सदरा काढलाय. डाव्या हातानं लिहितोय, अक्षर वाकडं—
बोटं दुमडली. गेली आत. दुखत नाही.
मनगटापर्यंत. गरम आहे. सापडली, एक धरली—
नाही, मी नाही धरली. तिनं—
बाई, दार उघडा
मी ओढत नाहीये, आतून कुणी मला
कोपरापर्यंत— बाई—