नळाखाली सोललेलं वांगं

बुधवार, संध्याकाळ

आज माझ्या हातचं: हिरव्या वांग्यांचं भरीत, ठेचा, ज्वारीच्या भाकरी. चूल मीच लिंपलेली, कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळही मीच घातलेला. शिकवलं कुणी नाही. वांगी जाळून जाळून शिकलो.

वेरूळ रोडवरच्या मोठ्या हॉटेलचा मॅनेजर माझ्या खानावळीत जेवला, बोटं चाटली आणि मला आपल्या किचनमध्ये घेऊन गेला. तिथं त्यांचा शेफ भाजलेलं वांगं नळाखाली धरून सोलत होता. नळाखाली. म्हणे, "काका, काळं राहिलं तर गेस्ट तक्रार करतात."

म्हटलं, "मग त्यांना काकडी कापून दे."

भाजल्याची सगळी चव सालीखालच्या रसात. ती मोरीत सोडायची आणि वरून बाटलीतला धूर शिंपडायचा. बाटलीतला! मी काही वाढवून लिहीत नाही ना? नाही. बाटली हुंगून पाहिली, धुराच्या नावाचं तपकिरी पाणी, जळक्या टायरचा वास.

मॅनेजर म्हणाला, "तुम्ही भरीत करूच नका. फेटा बांधून चुलीपाशी बसा, भरीत आतून येईल. नाव तुमचं."

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "लई शहाणे तुम्ही. खानावळीवरचे पत्रे तरी बदलून झाले असते." पत्रे गळतात, खरं आहे. चुकलो का? पण तो नळ डोळ्यांपुढून जात नाही.

नळाखाली धुतलेल्या भरताला माझं नाव देण्याचे ते महिन्याला चाळीस हजार देत होते. नाही म्हणून आलो.