परीक्षा होईपर्यंत

महदिया, ९ जून १९६८

लाडक्या मुनसिफ,

तुझ्या बापाचे सलाम आणि दुआ. इकडे ठीक आहे. तूही ठीक असशील, असं मी दिवसभर स्वतःला सांगत असतो.

पॅरिसच्या टपालवाल्यांचा संप मिटला असं कळलं, म्हणून लगेच लिहायला बसलो. मागच्या महिन्यात तुला तार केली होती. तारबाबू म्हणाला, "चाचा, तार जाईल, पण तिकडे घरी पोचवणार कोण?" मिळाली नसेल तर राहू दे. आई माझ्यावर त्यावरून फार रागावली होती.

हलीमच्या कॉफीच्या दुकानात तुम्हा विद्यार्थ्यांच्या आंदोलनाच्याच बातम्या. धूर, दगड, पोलीस. हलीम म्हणतो, "तुझ्या पोरानं पॅरिसचा रस्ता उखडला असेल, तर चार फरश्या इकडे पाठवायला सांग. माझ्या दारात चिखल होतो." सगळे हसले. बाळा, तू दगड उचलू नकोस. फ्रेंच पोरांना त्यांचे बाप सोडवतील. परदेशी पोरांना हाकलून देताहेत म्हणे. बाहेर पडताना टोपी घाल. टोपीनं काय होणार म्हणा, पण घाल.

सोबत आईनं वळलेला रव्याचा कुसकुस पाठवतो आहे. जपून खा. मित्रांना वाटू नकोस. एरवी मी असं सांगत नाही, तुला ठाऊक आहे.

गल्लीतून जेवण येत होतं, त्यांची ताटं घरात पडून होती. काल शेजारची खदूज म्हणाली, "तय्येबभाऊ, रिकामंच द्या ताट. मी काय गावभर सांगत फिरणार आहे?"

सवयीनं तुझ्या आईचं नाव घेऊन मी म्हणालो, "रिकामं ताट परत दिलं तर महबूबा मला घराबाहेर काढेल!"

खदूजनं ओढणी डोळ्यांना लावली.

हे लिहायचं नव्हतं. पण लिहून बसलो, आणि खोडलं तर तू आणखी घाबरशील.

त्या तारेवरून रागावून तिनं माझ्याकडून वचन घेतलं होतं. "परीक्षा होईपर्यंत पोराला कळवू नका. सगळं टाकून धावत येईल." मी हो म्हणालो. वाटलं, परीक्षा जूनमध्ये, तोवर पोटात ठेवीन. आता रेडिओ म्हणतो, परीक्षा पुढे गेल्या, कधी होतील ते ठरलेलं नाही. मी कुठवर थांबू, मुनसिफ?

हलीमनं आपला रेडिओ तिच्या उशाशी आणून ठेवला होता. पोरांच्या घोषणा लागल्या की ती विचारायची, "यात आपला आहे का हो?" मी म्हणायचो, "तो काय, सगळ्यांत मोठ्यानं ओरडतोय." ती म्हणायची, "घसा बसेल त्याचा." शुक्रवारी पहाटे रेडिओ चालूच होता. तिनं काही विचारलं नाही, म्हणून मी तिच्याकडे वळून पाहिलं.

ताटांत आपल्या झाडाची लिंबं घालून ती परत केली. कुसकुस तेवढा तुझ्यासाठी ठेवला.

ये म्हणावं, तर तिचं वचन मोडतं. येऊ नकोस, असं मला लिहवत नाही.

पत्राखाली माझं नाव लिहून झालं की खाली ती शाईचा अंगठा उठवायची. तेवढी जागा सवयीनं सुटली आहे. राहू दे तशीच.

तुझा बाप,
तय्येब