डाव्या बाजूचं मागचं चाक

दि. ९ मार्च
दुकानातून, दुपारी

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. हे सगळ्यात आधी लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना मधेच उठून फोन लावायची घाई करणार नाहीस. आईचे गुडघे कुरकुरतात, पण आईपेक्षा कमी. शेजारच्या घड्याळवाल्याने दुकान आवरलं. आता त्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं विकायला कुणीतरी येणार आहे. म्हणजे दुपारच्या चहाला सोबत मिळेल असं वाटत नाही, ही पोरं चहा कमी आणि फोन जास्त पितात.

धाकट्या बाईसाहेबांचे फोटो मिळाले. पायाचा फोटो मोठा करून पाहिला. टाच अगदी तुझी आहे, अरुंद. तिला मोठेपणी तयार बूट बसायचे नाहीत, मागून निसटतील. तू म्हणशील, बाबांना पायाशिवाय काही दिसत नाही. तसं नाही, तोंडही पाहिलं. तोंडही बरं आहे. जावईबापू बोटीवरून परत येतील तेव्हा ती त्यांना ओळखणार नाही, आणि मग ते रडतील, असं तुझी आई म्हणते. मला वाटतं आधी आईच रडेल.

आता कामाचं. त्या शनिवारी मी तुम्हा दोघींना न्यायला येणार होतो आणि आलो नाही. फोनवर म्हणालो, एका गिऱ्हाइकाचं तातडीचं काम आलंय, जमायचं नाही. तू एकच वाक्य बोललीस, "बाबा, तुम्हाला बुटांपुढे माणसं दिसत नाहीत." आणि फोन ठेवलास. तेव्हापासून तू आईशीच बोलतेस. मी फोन हातात घेतला की बाळ रडतं. फारच वेळेवर रडतं.

मी फोनवर सांगायचं ठरवलं होतं. तुझी आई नको म्हणाली. "फोनवर तुम्ही विनोद करून मोकळे होता," म्हणाली. "लिहा." म्हणून लिहितोय. आतापर्यंतचं वाचून तुला वाटेल की कागदावरही तेच चाललंय. बरोबर आहे, पण आता टायरांकडे येतो.

तू दवाखान्यातून विचारलं होतंस, टायर बदललेत का, आणि मी म्हणालो होतो, बदलले. ते खोटं नव्हतं. जुने चारही गोटा झाले होते, हात फिरवला तर नुसते सरकायचे. त्यांच्यावर तुम्हाला आणायचं नाही, यावर आम्हा दोघांचं एकमत होतं. असं एकमत आमच्यात क्वचित होतं, म्हणून ते लगेच मोडलं. आई म्हणाली, दोन नवे आत्ता घेऊ, दोन पुढच्या वर्षी. मी म्हणालो, दोन नव्यांच्या किमतीत चार दुरुस्त केलेले जुने येतात आणि वर हातात काही उरतं. धंद्याची गत तुला ठाऊक आहे. लोक आता बूट उसवला की टाकून देतात. शिलाईच्या नव्या यंत्रासाठी बाजूला टाकलेलं सोडलं तर हाताशी काही नव्हतं, आणि त्या पैशाला हात लावायचा नाही असं मी ठरवून बसलो होतो.

पण खरी गोष्ट पैशाची नव्हतीच. गिऱ्हाईक बूट हातात घेऊन येतं, नाक मुरडतं आणि विचारतं, नवाच घेऊ का? मी त्याला सांगतो, कशाला, अजून चार वर्षं काढेल. हे सांगत सांगत मी तुझं शिक्षण केलं. तोच मी आता नवे टायर घ्यायला जाणार? म्हणजे इतकी वर्षं लोकांना शेंडी लावत होतो की काय? मला ते पटेना. आईने हात टेकले आणि म्हणाली, जा, करा मनासारखं.

जुन्या टायरवाल्याची शेड मोठ्या रस्त्याला लागून आहे. पत्र्याखाली छतापर्यंत टायरांच्या चळती आणि रबराचा असा वास, की मला दुकानात असल्यासारखंच वाटलं. टायरवाला जाडा आहे, बोलतो कमी, कानामागे खडू. मी अर्धा दिवस तिथे काढला. एकेक टायर उभा केला, खाचांत नख घालून पाहिलं, रबर दाबलं, वास घेतला. तो बघत होता. मी म्हणालो, मला तळ कळतो, जन्म तळ लावण्यात गेलाय. तो म्हणाला, मग निवडा.

तीन निवडले, चौथा सापडेना. शेवटी तळाशी एक मिळाला. काय सांगू, खाचा इतक्या खोल की नख बुडत होतं. बाकीचे तीन त्याच्यापुढे म्हातारे दिसायला लागले. मी तो बाजूला ओढला. टायरवाल्याने त्याच्या आतलं काहीतरी दाखवलं, काहीतरी बोलला, मी मान हलवली आणि चारही बसवून घरी आलो.

तो काय बोलला ते पुढे लिहितो.

घरी आल्यावर पहिल्याच फेरीत आई म्हणाली, मागे सीटखाली धडधडतंय. ती नेहमी मागे डावीकडे बसते, तुला ठाऊक आहे, पुढे बसली की तिला ब्रेक दाबावेसे वाटतात. मी म्हणालो, नवा बूट चावतोच. चार दिवस पायात राहू दे, बसेल. आई म्हणाली, पण हा नवा नाहीये. मी रेडिओ लावला.

आणि ठमे, त्या शनिवारी मी निघालो होतो.

सकाळी लवकरच निघालो. आई घरी थांबली, कारण मागच्या सीटवर बाळाची टोपली होती आणि येताना तू तिच्याशेजारी बसणार होतीस. टोपलीसाठी मी चामड्याचे पट्टे शिवले होते, दुहेरी टाक्याचे, पितळी बकलांचे. आत तुझी जुनी पिवळी शाल. टोपली डावीकडे बांधली होती.

मोठा उतार लागला. मी हळूच चालवत होतो, इतकी शपथ घेऊ शकतो. तिसऱ्या की चौथ्या वळणावर मागून असा आवाज झाला की मला वाटलं कुणी धडक दिली. गाडीचं शेपूट एका बाजूला गेलं, स्टिअरिंग माझं ऐकेना. समोर कठडा दिसला, मग आभाळ दिसलं, मग रस्ता दुरुस्तीवाल्यांनी टाकलेल्या खडीच्या ढिगात गाडी रुतून थांबली. मला साधं खरचटलंही नाही. गाडीचा मागचा दरवाजा चेपला, तेवढंच.

मी मागे वळून पाहिलं. टोपली जागच्या जागी होती, पट्टे तसेच घट्ट. आणि तिच्याखालचं चाक फाटून चिंध्या झालं होतं. टोपली रिकामी आहे हे मला माहीत होतं, पोरी, मीच तर रिकामी बांधली होती. तरी मी हात घालून शाल चाचपली. दोनदा चाचपली. मग उतरलो आणि रस्त्याच्या कडेला खडीवर बसलो. जाताना फुटला, येताना नाही, एवढंच डोक्यात फिरत होतं.

एका ट्रकवाल्याने ट्रक थांबवला. पाणी दिलं, जॅक लावला, स्टेपनी चढवून दिली. मग विचारलं, "काका, एकटेच होता ना?" मी मान हलवली. "मग झालं तर," म्हणाला. तेवढ्यात तुझा फोन आला, बाबा, कुठपर्यंत आलात. आणि तिथे खडीवर बसून मी तुला गिऱ्हाइकाची गोष्ट सांगितली.

का सांगितली? टायर फुटला असं म्हणालो असतो तर तू घाबरली असतीस, हे खरं. पण तू पुढे विचारलं असतंस, चांगले बघून घेतले नव्हते का. त्याचं उत्तर माझ्याकडे होतं आणि ते मला द्यायचं नव्हतं.

तर आता टायरवाल्याचं बोलणं. तो दुरुस्त टायरवर खडूने खूण करतो. तळाला पंक्चर काढलेलं असलं तर गोल. बाजू फाटलेली शिवून आतून पट्टी लावली असली तर फुली. माझ्या तिघांवर गोल होते. चौथ्यावर फुली होती. तो म्हणाला होता, "हा बाजूने फाटलेला आहे. गावातल्या गावात चालवा. लांब नेऊ नका, ओझं टाकू नका." त्याने मला दुसरा गोलवाला काढूनही दिला, पण त्याच्या खाचा उथळ होत्या. मी मनात म्हणालो, बुटाचं वरचं चामडं फाटलं तर मी रोज ठिगळ लावतो, तळ शाबूत असला की बूट वर्षानुवर्षं चालतो. हा मला काय शिकवतो.

आणि घरी जाताना वाटेत गाडी थांबवून ती फुली रुमालाने पुसली.

त्या दिवशी स्टेपनीवर हळूहळू घरी परतलो आणि आईला हे सगळं सांगितलं, फुलीसकट. ती आरडाओरडा करेल म्हणून मी तयारीत होतो. तिने केला असता तर बरं झालं असतं. तिने चेपलेल्या दरवाजावरून हात फिरवला. मग म्हणाली, "फुली पुसलीत तेव्हा मनात काय होतं?"

मी म्हणालो, "तुला कळू नये."

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं," ती म्हणाली.

बस, एवढंच. आत गेली, पान वाढलं, समोर बसून मला जेवायला लावलं. मग म्हणाली की ठमीला मी सांगणार नाही, ते तुमचं काम. मला आठवतंय तेव्हापासून पहिल्यांदाच तिने एका वाक्यात वाद जिंकला, आणि तिने त्याचा काही फायदा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या चिंध्या घेऊन टायरवाल्याकडे गेलो. त्याने पाहिलं आणि "सांगितलं होतं" असं म्हणाला नाही. फक्त विचारलं, कुणाला लागलं का. नाही म्हटल्यावर खुर्ची पुढे सरकवली. मग मी विचारलं आणि त्याने समजावलं. बुटाचं वरचं चामडं पाय झाकतं, ओझं तळावर असतं. टायरचं तसं नाही. गाडीचं सगळं वजन बाजूवर येतं, दर फेऱ्याला बाजू दबते आणि सरळ होते, तिथली पट्टी किती दिवस धरणार? तळाचं पंक्चर नीट काढलं तर खुशाल चालतं. म्हणजे दुरुस्ती वाईट नाही, ठमे. मी चुकीच्या जागची दुरुस्ती विकत घेतली, आणि माझा धंदा खोटा ठरू नये म्हणून घेतली. फुटलेल्याचा तळ मात्र खरंच उत्तम होता. कापून आणलाय, चार जणांच्या चपला होतील.

मागे दोन नवे टायर घातले. पुढे दोन गोलवाले आहेत, ते टायरवाल्याने रिमवरून काढून आतून बाहेरून पुन्हा तपासले. तिसरा गोलवाला स्टेपनीला. शिलाईचं नवं यंत्र पुढे कधीतरी येईल, जुनं मीच दुरुस्त केलंय आणि ते निमूट चालतंय. परवा आईला घेऊन तोच रस्ता जाऊन आलो. मी बसवायच्या आधीच ती मागे डावीकडे जाऊन बसली. उताराला लागलो तेव्हा मी आरशात पाहिलं, वाटलं ती घट्ट धरून बसली असेल. तिला झोप लागली होती, तोंड उघडं टाकून. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. येताना मी मोठ्याने गात आलो आणि तिला त्याने जाग आली, त्यावरून मात्र बोलणी खाल्ली.

येत्या रविवारी आम्ही दोघं येतो. गाडी तुझ्या दाराशी उभी करीन. आधी तू खाली ये, बाळाला आईकडे दे आणि चारही चाकं स्वतः बघ. पुढच्या दोघांवर खडूचे गोल आहेत, ते पुसलेले नाहीत. काही विचारायचं असेल तर विचार, मी विनोद करणार नाही. तुझं मन घेत नसेल तर गाडी तिथेच ठेवून आपण सगळे बसने येऊ. मी तोंड वाकडं करणार नाही, आणि केलं तर आई आहेच.

तुझं ते वाक्य मला लागलं नाही असं लिहिलं तर तेही पुसल्यासारखंच होईल. लागलं. रोज दुकान उघडताना आठवतं. तू चिडलीस त्यात तुझी चूक काही नाही, तुला जे सांगितलं त्यावरून तू बोललीस. पण ते खरं नव्हतं, पोरी. गिऱ्हाईक कुणी नव्हतं, दुकानाला कुलूप होतं. तू बाळाचे कपडे भरून माझी वाट बघत होतीस, तेव्हा मी निम्म्याहून जास्त रस्ता आलो होतो.

त्या शनिवारीही तुझ्याकडेच निघालेला,

बाबा