चुकांची भिंत

ता. ३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू आठ महिन्यांपूर्वी निवृत्त झालीस आणि इकडे आपल्या कात्रीच्या कारखान्यावर गंडांतर आलं. समोरच्या नव्या कारखानदाराने आपल्यासारखीच यंत्रं घेतली, तेच पोलाद घेतलं, आणि काल आपले मिस्त्रीही पळवले. मोठ्या शिलाई कंपनीच्या बाई येत्या सोमवारी दोन्हीकडे पाहणी करून एकालाच ऑर्डर देणार. ती हुकली तर मला निम्मी माणसं घरी पाठवावी लागतील. घास गिळवत नाही.

गेल्या वर्षी त्याला सगळं हौसेने हिंडून दाखवणारी तूच, अगदी आपल्या चुकांच्या भिंतीसकट. म्हणून तुझ्यावर रागावले आहे. तरी लोभ असावा.

तुझी,
ठमी

ता. ६ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

दाखवलं, आणि पुन्हाही दाखवीन. यंत्रं विकत मिळतात गं. पण पाती जुळवताना कात्री बिघडली, की ज्याची त्याने ती भिंतीवर आपल्या खिळ्याला टांगायची, चिठ्ठीवर नाव आणि चूक लिहायची, आणि बाकीच्यांनी हसायचं नाही, हे अंगवळणी पडायला आपल्याला वीस वर्षं लागली. पहिली चिठ्ठी माझी. लावताना कान लाल झाले होते.

नीट जेव. रागाला थोडी विश्रांती दे, लोभ चालू ठेव.

तुझी आत्या

ता. १२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हसून हसून पोट दुखतंय. त्या बहाद्दराने भिंतही उचलली, पण त्याला वाटलं आपण उत्तम माल मांडलाय. त्याने साठ चकचकीत कात्र्या टांगून वर दिवे सोडले. बाईंनी त्यातलीच एक काढून कापडाला लावली, तर कापड नुसतं दुमडलं. असं का, ते तिथे कुणालाच सांगता येईना. आपल्याकडे त्यांनी मुद्दाम बिघडलेली कात्री मागितली, तर पाचजण सांगायला धावले. तासभर बाई चिठ्ठ्या वाचत होत्या. आत्या, ऑर्डर आपली.

आज सकाळी मिस्त्री दारात. म्हणाले, त्याला भिंतीचा अर्थ सांगितला, तर तो म्हणाला की आमच्याकडे चुका होतच नाहीत. मग मिस्त्री आपल्या खिळ्यापाशी गेले आणि चिठ्ठी टांगली: 'मिस्त्री. तिकडे गेलो.'

कुणी हसलं नाही. मला रडू आलं.

राग संपला, लोभ उरला आहे.

तुझी,
ठमी

ता. १४ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

मिस्त्रींच्या शेजारचा खिळा माझा. त्यावर माझ्या नावाने चिठ्ठी लाव: 'आत्या. आठ महिने घरी बसले.'

सोमवारी येते. माझ्या स्टुलावर कुणी बसत असेल तर त्याला उठव.

तुझी आत्या