कचरा गप्प करायचं बटण

२ फेब्रुवारी
ही वही आईनं नाताळात दिली. पहिल्या पानावर तिच्या अक्षरात लिहिलंय, रोज चार ओळी लिही, डॅरेल, डोकं जागेवर राहतं. एक जानेवारीपासून लिहिणार होतो. मग चौदापासून. मग वाटलं, सुरुवात करायला फेब्रुवारीच बरा. काल विसरलो. आज लिहितोय, म्हणजे फारसा उशीर झालेला नाही.
दरम्यान घडलेलं: ११ जानेवारी, दुपारी चार, समुद्रकिनारा. ब्रायनीला लग्नाचं विचारलं. तिनं विचार करायला वेळ मागितला. (शब्द वेगळे होते.) त्या गडबडीत अंगठी वाळूत पडली.
उपाय: मेटल डिटेक्टर घेणे. अंगठी मिळाली की बाकीचं आपोआप होईल.

३ फेब्रुवारी
अंगठी आईची. बाबांनी तिला घातलेली. नाताळात मी ब्रायनीबद्दल सांगितलं, तेव्हा आई उठून मोरीपाशी गेली आणि साबण लावून लावून ती काढली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. बोटावर पांढरा वळ राहिला. म्हणाली, नीट विचार हो तिला, चिप्स खाता खाता नको.
आई ईस्टरला येणार आहे, सुनेला बघायला. ५ एप्रिल. दोन महिने आहेत. भरपूर.

९ फेब्रुवारी
डिटेक्टर घ्यायला निघालो होतो. वाटेत एक माणूस अंगणात अकॉर्डियन विकत होता. घेतलं. शिकायला म्हणे पंधरा दिवस पुरतात.

१४ फेब्रुवारी
अकॉर्डियन विकलं. ज्याच्याकडून घेतलं त्यालाच, निम्म्या भावात. तो हसत होता. आता डिटेक्टर स्वस्तातलाच बघावा लागेल. पण नवशिक्यानं स्वस्तातलाच घ्यावा असं सगळेच म्हणतात.

१७ फेब्रुवारी
मासेमारीच्या सामानाच्या दुकानात गेलो. तिथं डिटेक्टरही ठेवतात. काउंटरशी मिसेस ऑलरेड बसल्या होत्या, वय एकाहत्तर, पूर्वी बसवर कंडक्टर, आता रोज ओहोटीला कानाला हेडफोन लावून किनाऱ्यावर. न विचारता बोलायला लागल्या. म्हणाल्या, पोरा, आधी दोन गोष्टी सांग. शोधायचंय काय, आणि कुठं? मशिनचं नंतर.
म्हटलं, अंगठी, ओल्या वाळूत.
म्हणाल्या, मग हे साठ पौंडांचं चित्रांचं खेळणं घेऊ नकोस. खारट ओल्या वाळूवर ते दात दुखत असल्यासारखं ओरडतं. शेतात ठीक आहे. माझं जुनं घे, ऐंशीला देते. दिसायला भंगार आहे, स्क्रीन नाही, पण मिठाच्या पाण्याला भीत नाही.
सल्ला चांगला होता. विचार करून सांगतो म्हटलं.

१८ फेब्रुवारी
साठवालं घेतलं. स्क्रीनवर चित्रं आहेत: खिळा, कॅनची कडी, अंगठी, नाणं. जे सापडेल त्या चित्राखाली काळा ठोकळा येतो. शिवाय एक बटण आहे. ते दाबलं की कचरा गप्प! खिळे गप्प, फॉइल गप्प, उन्हाळी पाहुणे बिअर पिऊन टाकून जातात त्या कड्या गप्प. आपल्याला हवं तेवढंच ऐकू येतं. मिसेस ऑलरेडच्या भंगारात हे कुठलं असायला.

२२ फेब्रुवारी
मशिन ओल्या वाळूवर ओरडतं. आवाज सगळ्यात बारीक केला. आता ओरडत नाही.

१ मार्च
तीन दिवस गेलो नाही. कॅरॅव्हान पार्कचा (उन्हाळी पाहुण्यांच्या चाकांवरच्या घरांचा तळ) मालक म्हणाला, डॅरेल, तुला इथं फुकट राहायला दिलंय ते हिवाळ्यात कॅरॅव्हान रंगवायला, समुद्र नांगरायला नाही. चार रंगवल्या. एकीवर मध्येच जहाज काढावंसं वाटलं. पुसावं लागलं.
संध्याकाळी ब्रायनीच्या दुकानात चिप्स घेतल्या. तिनं तळणीचा चुरा वर भरपूर घातला. मागितला नसताना. अशा गोष्टींना अर्थ असतो.

२ मार्च
चुरा सगळ्यांनाच घालते. आज नीट उभा राहून बघितलं.

६ मार्च
मिसेस ऑलरेड किनाऱ्यावर भेटल्या. बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, अंगठी पडली कुठं? दाखवलं, त्या लाकडी बांधापाशी. मग तू पाण्याच्या दिशेनं तीस पावलं आत काय करतोयस? म्हटलं, हाताला जरा हिसका बसला होता. म्हणाल्या, कुठल्या हातानं पडली? म्हटलं, उजव्या. शाळेत गोलंदाजी करायचास का? म्हटलं, हो, जलद.
त्यांनी काठीनं वाळूत एक चौकोन आखला, आणखी वीस पावलं आत. म्हणाल्या, इथं शोध.

८ मार्च
आईचा फोन. दुकानाच्या खिडकीत एक टोपी आहे म्हणाली, फिकट निळी, एका बाजूला पीस. मुलाच्या लग्नाला वरमाईनं डोक्यावर काय घालायचं याची तिला मी पाळण्यात असल्यापासून काळजी. मी म्हटलं, घाई काय आहे? म्हणाली, घाई नाही रे, पण उरलीय एकच, आणि आज तिसऱ्यांदा बघून आले. घेऊ का?
इथं खरं सांगता आलं असतं. जागा होती. मी म्हटलं, घेऊन टाक.

१५ मार्च
मोठी घडामोड. ब्रायनी स्वतःहून किनाऱ्यावर आली! मला मागून हात लावला. तिचे ओठ हलत होते पण माझ्या कानावर हेडफोन. काढेपर्यंत वाक्य संपलं. म्हटलं, पुन्हा सांग ना. म्हणाली, तीनदा सांगून झालंय रे, डॅरेल. मग म्हणाली, आईला तरी सांगितलंस का? म्हटलं, सांगतोय. माझ्या अंगावरच्या कोटाचं वरचं बटण लावलं आणि गेली.
बटण लावलं हे महत्त्वाचं.

२२ मार्च
लिहायचं नव्हतं.
मिसेस ऑलरेड आल्या. म्हणाल्या, महिना झाला, एकही कडी काढली नाहीस? मी अभिमानानं बटण दाखवलं. त्यांनी मग आपल्या बोटातली अंगठी काढली. बोटं वाळलीत, साबण लागला नाही. वाळूत ठेवली, वर मूठभर वाळू टाकली. म्हणाल्या, शोध.
मशिन फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवलं. काही नाही. त्यांनी हात लांब करून माझं बटण बंद केलं. मशिन किंचाळलं. ठोकळा कुठल्या चित्राखाली आला? कॅनच्या कडीखाली.
म्हणाल्या, बारीक सोन्याची अंगठी आणि ॲल्युमिनियमची कडी, मशिनला दोन्ही सारखीच, पोरा. ज्याला अंगठी हवी त्यानं सगळ्या कड्या उपसायच्या. दुसरा रस्ता नाही. दुकानात हेच सांगणार होते, तू थांबलास कुठं.
आखून दिलेल्या चौकोनावरून मी सोळा दिवस गेलोय. रोज दोनदा. आणि खूश होतो, की किती स्वच्छ किनारा आहे.

२३ मार्च
अंगठी पडली नव्हती. निसटलीही नव्हती. ब्रायनी नाही म्हणाली, मी हसलो. ती पुन्हा नाही म्हणाली, डॅरेल, तू चांगला आहेस पण नाही. मी म्हटलं, विचार कर. तिसऱ्यांदा नाही म्हणाली तेव्हा तिला रडू आलं होतं. मग मी आईची अंगठी समुद्राच्या दिशेनं फेकली. जलद.
लिहून टाकलं. आता बटण बंद ठेवून सगळं उपसायचं.

२७ मार्च
पाच दिवसांत दोनशे सोळा कड्या. दाराबाहेरच्या रंगाच्या बादलीत टाकतोय. तीन नाणी, एक खेळण्यातली मोटार. अंगठी नाही. मिसेस ऑलरेड म्हणाल्या, मार्चच्या सुरुवातीला वादळात हातभर वाळू वर आली; आता ती खाली असेल तर या मशिनला ऐकू जायची नाही. वादळाआधी कदाचित गेली असती. मग त्यांचं भंगार मला वापरायला दिलं, पैसे घेतले नाहीत. ते मनाला जास्त लागलं.

२८ मार्च, दुपार
ईस्टरला आठ दिवस. योजना: रोज दोन ओहोट्या, म्हणजे सोळा संधी. चांगल्या मशिनवर पाच फार झाल्या. तरीही नाहीच मिळाली, तर आईला सांगायचं की अंगठी सोनाराकडे मापाला दिलीय. ब्रायनीला एक दिवस सोबत बसायला सांगायचं, फक्त चहापुरतं. बोलायची गरज नाही. हे जमण्यासारखं आहे.

२८ मार्च, तीन वाजून दहा
आत्ता बस गेली. खिडकीतून दिसतंय, फाटकातून कुणीतरी येतंय. ब्रायनी! दुकानाचा ॲप्रनसुद्धा काढलेला नाही. म्हटलं होतं ना. आणि हातात बॅग आहे. मोठी. राहायलाच आलेली दिसते. केस विंचरायला हवेत.

तपकिरी बॅग. पट्टा तुटलेला, दोरी बांधलेली. ती आमच्या घरची आहे.
मागून आई येतेय. आठ दिवस आधी. मला चकित करायला म्हणून आली असणार, आणि आधी सुनेला भेटू म्हणून चिप्सच्या दुकानात गेली असणार. टोपीचा गोल डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरलाय. दोघी बोलत नाहीयेत. ब्रायनीनं बॅग ठेवली, आईच्या दंडाला हात लावला आणि परत निघाली.
आई दार वाजवत नाहीये. तिनं डबा पायरीवर ठेवला, हातमोजा काढला, आणि वाकून बादलीतल्या कड्या एकेक बघतेय.