दाणे नसलेल्या जागा

९ ऑक्टोबर
सूनबाईंनी पोतंभर मक्याची कणसं आणून आमच्या व्हरांड्यात टाकली. संशोधन केंद्रात जागा नाही म्हणे! प्रत्येक कणसाच्या गळ्यात चिठ्ठी, आणि निम्मे दाणे गायब — म्हाताऱ्याचं बोळकं जसं. "कीड लागली का गं?" विचारलं. "नाही आई, अशीच हवी आहेत." बस्स. आम्ही पडलो मॅट्रिक!

१० ऑक्टोबर
जपात मन लागेना. दुसऱ्यांदा पोट रिकामं झालं तिचं, आणि विदुषीबाई पुन्हा उन्हात शेतात. देव देतो, हिला टिकवता येत नाही.

१२ ऑक्टोबर
दुपारी कणसं सोलली. दाणे डब्यांत भरले, उरलेलं पाणी तापवायला जाळलं. चिठ्ठ्या जपून ठेवल्या — मागची बाजू कोरी आहे.
संध्याकाळी ती आली नि मटकन खालीच बसली. "आई, दाणे नकोच होते मला! दाणे नसलेल्या जागा मोजायच्या होत्या!"
नसलेलं कुणी मोजतं? घरचा हिशेब मी ठेवते, आणि ही मला शिकवते! मुलगा लगेच तिच्या बाजूने — "विचारायचं तरी, आई. वर्षाचं काम गेलं तिचं."

१३ ऑक्टोबर
अबोला. असू दे.

१५ ऑक्टोबर
जेवताना ह्यांनीच विषय काढला. "पण सूनबाई, दाणे जातात कुठे?"
झाली सुरू. म्हणे, गुणसूत्रांच्या जोड्या असतात. दोन जोड्यांतल्या एकेकाने आपापसांत तुकडे बदलले तरी झाडाचं अडत नाही. "सामान सगळं घरातच, बाबा, फक्त कपाटं बदलली." घोळ होतो वाटणीच्या वेळी. पराग आणि बीज तयार होताना जोड्या फुटायच्या असतात, पण ती चौघं एकमेकांत अडकतात. मग कुणाच्या वाट्याला एक तुकडा दोनदा, दुसरा नाहीच. असं बीज मरतं. तिथे दाणा धरत नाही.
"झाड बघून कळतं?"
"नाही ना! झाड टवटवीत असतं."
मी म्हटलं, "तुझ्यासारखंच की."
ताट टाकून उठली. भरलं ताट वाया! मी खोटं काय बोलले?

२४ ऑक्टोबर
डॉक्टरीणबाईंना दोघांचं रक्त हवंय. हे टुमणं सुनेचंच! मुलाचं कशाला? साधी सर्दी होत नाही त्याला.

१९ नोव्हेंबर
रिपोर्ट आले. तिचं सगळं जागच्या जागी. तुकड्यांची अदलाबदल आहे ती मुलात.
त्याने खोलीचं दार लावून घेतलंय. ती मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर उत्तर तरी दिलं असतं! गप्प राहून मारते.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "धीर धरा, एखाद्या खेपेला वाटणी नीट होते, मूल होतं." आणि हेही म्हणाल्या — हे बहुतेक आईकडून नाहीतर वडिलांकडून आलेलं असतं. मी तिथल्या तिथे सांगितलं, ह्यांच्याच घराण्याचं! ह्यांच्या आत्याला कुठे मूल होतं?
ह्यांनी बाही वर केली.

६ डिसेंबर
ह्यांच्या रक्तात काही नाही.
उद्या माझं घेणार. देवापुढे बसले, पण काय मागू?